‘येते’ म्हणाली होतीस

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा स्टेशनबाहेर पावसाची सर आली म्हणून ऋता छपराखाली थांबली, आणि शेजारी छत्री मिटणारा माणूस नेमका सारंग निघाला. तीन वर्षांनी!

डॅन्यूबवरच्या त्या क्रूझमध्ये ती आईबाबांबरोबर पुण्याहून गेली होती, तो त्याच्या आईबाबांबरोबर सिंगापूरहून. आठ दिवस दोघं डेकवरच्या एकाच खुर्चीवरून भांडली. वारा बोचायला लागला की मात्र तो काही न बोलता अर्धं ब्लँकेट तिच्याकडे सरकवायचा.

“तू इथं?”

“चार महिने झाले. नोकरी...” ती म्हणाली. ही बदली तिनं मागून घेतली होती, ते तेवढं गिळलं.

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, दोघं कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेऊन बसली. सारंग इथंच जन्मला, इथंच वाढला. त्याचं मराठी घरापुरतं, मधूनच शेवटी इथलं ‘लाह’ चिकटवलेलं, पण ऐकत राहावं असं. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच बोटीवर गेला होता, एकटाच. पहिल्या वेळचे जर्दाळूचे गरम उंडे, टेकड्यांवरचे किल्ले, सगळं त्याला आठवत होतं. दुसऱ्यांदा नदीला पाणीच नव्हतं, तीन दिवस बसमधून हिंडवलं, सूपसुद्धा पाणचट. बुडापेस्ट तेवढं होतं तसंच सुंदर होतं, आणि तेच जास्त मनाला लागलं, म्हणाला.

“मग दुसऱ्यांदा गेलास कशाला, शहाण्या?”

तो कोपी ढवळत राहिला. “तू म्हणाली होतीस ना...”

“मी?”

“बुडापेस्टच्या धक्क्यावर. मी विचारलं, पुढच्या वर्षी सेम बोट? तू हसलीस. टॅक्सीत बसताना म्हणालीस — ‘येते हं.’”

ऋताचा कप हातातच राहिला. निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे आईनं तिला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं. तो नुसता निरोप होता! आणि हा वेडा त्या एका शब्दावर तिकीट काढून बसला. भेटणारच आहोत म्हणून त्यानं नंबर मागितला नव्हता. मागितला नाही म्हणून ती वर्षभर रुसली होती.

“सारंग, ते...”

“आता माहीत आहे.” तो ओशाळून हसला. “अवनी पण रोज ‘येते’ म्हणते आणि घरी जाते. एकदा विचारलं, कधी येतेस? इतकी हसली, लाह.”

“अवनी?”

“डिसेंबरमध्ये लग्न आहे आमचं.”

ऋतानं अभिनंदन केलं, चांगलं तोंडभर केलं. पाऊस ओसरला होता. सारंगनं छत्री उचलली, परत ठेवली.

“तुला... यायचं होतं का? तेव्हा?”

यायचं होतं. नदीला थेंबभर पाणी नसतं तरी ती चालत आली असती. त्यानं एकदा नीट विचारलं असतं, एकदा आपणच नीट सांगितलं असतं...

“पाणचट सूप प्यायला?” ती म्हणाली. “बरं झालं, वाचले.”

तो हसला, पण डोळे तिच्यावरून हलले नाहीत. तिनं पर्स खांद्याला लावली.

“जाते मी, सारंग.”

तो दचकला. “असं म्हणायचं नसतं ना?”

“नसतं,” ऋता म्हणाली, आणि स्टेशनकडे वळली.