होइटच्या बोटीतली डावी सीट

"आधी उसव. नवी गादी शिवायची घाई करू नकोस. जुनी उसवून आतला फोम हातात घे, म्हणजे माणूस कसा बसत होता ते कळेल."

ऑटीमावशीचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. तिने मला सतराव्या वर्षी शिवणयंत्रावर बसवलं ते झगे शिवायला नाही, बोटींच्या सीटा शिवायला. अलाबामाच्या आमच्या कोपऱ्यात घर तिथे ट्रेलर आणि ट्रेलर तिथे बोट. बास मासा धरणं हा इथल्या पुरुषांचा अर्धा धर्म आहे; उरलेला अर्धा रविवारी आमच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये दिसतो. मी गेली चव्वेचाळीस वर्षं त्यांच्या सीटा उसवते आहे. कुणाची कंबर दुखते, कुणाला घाई असते, कोण बायकोपासून लांब सरकून बसतो, फोम सगळं सांगतो.

माझा नवरा डेल्मर मोज्यांच्या गिरणीतून निवृत्त झाला आणि मार्चमध्ये त्याने एक वापरलेली बोट आणली. अठरा फुटी, फायबरची, चकाकत्या लाल रंगाची. तलावापलीकडच्या मिस विनेलच्या कोठारात ती आठ महिने उभी होती. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात; तिचा नवरा होइट गेल्या उन्हाळ्यात वारला. आम्ही बोट न्यायला गेलो तेव्हा मिस विनेल ओसरीवरून खाली उतरली नाही. किल्ल्या कठड्यावर ठेवून म्हणाली, "होइट एकटाच जायचा. मी कधी पाय ठेवला नाही त्यात. मला पाण्याची भीती वाटते."

डेल्मरला ते ऐकायची फुरसत नव्हती. हातोडीने तो बोटीची मागची फळी ठोकून बघत होता. इंजिन जिच्यावर टांगतात ती फळी आतून कुजली की बोट गेली. टक टक असा कोरडा आवाज आला. "हाडं शाबूत आहेत पोरीची," तो म्हणाला.

पुढचे तीन आठवडे आमच्या शेडमध्ये डिंकाचा आणि जुन्या गालिच्याचा वास भरला होता. डेल्मरने गालिचा खरवडून काढला, तळातलं पाणी उपसायचा पंप बदलला, सगळ्या वायरी नव्या ओढल्या, मासे जिवंत ठेवायच्या टाकीच्या नळ्या बदलल्या. पुढच्या टोकाला विजेची छोटी मोटर बसवायला शेजारचा ल्यूथर यायचा. सीटांचं काम माझं.

उजवीकडची सीट चालवणाऱ्याची. तिच्या फोममध्ये होइट सापडला. मोठा, जड, डाव्या मांडीवर भार देणारा माणूस.

मग मी डावी उसवली. जिथे कुणीच बसत नव्हतं, ती.

तिच्यातला खळगा उजवीपेक्षा खोल होता. अरुंद, पुढच्या कडेला. गुडघे जवळ घेऊन, हात मांड्यांमध्ये धरून, थंडीत काकडत कुणी वर्षानुवर्षं बसावं तसा. फोम पिळला तर पाणी निघालं. बोट तर आठ महिने कोरड्या कोठारात होती.

गळकं छप्पर असेल, असं मी स्वतःला समजावलं. जुना फोम फेकला. पाणी न पिणारा कडक फोम कापला, खाली नवं प्लायवूड घातलं, वर राखाडी रेक्झिन ताणून दुहेरी शिवण घातली. मंगळवारी संध्याकाळी सीट बसवली तेव्हा ती टेबलासारखी सपाट होती.

बुधवारी सकाळी तिच्यात खळगा होता.

माझा दिवस सहाला उभं राहून एक स्तोत्र मोठ्याने वाचण्याने सुरू होतो, आणि बुधवारी सूर्य मावळेपर्यंत मी काही खात नाही. म्हणून आधी वाटलं, रिकाम्या पोटी डोळे फसवतायत. टेप लावली. दोन इंच.

"डेल्मर, तू बसला होतास का डाव्या सीटवर?"

"मी?" त्याने खळग्याकडे बघितलं आणि मग मान वळवून स्वतःच्या पार्श्वभागाकडे. "अगं व्हर्ना, माझं बूड एवढंसं असतं तर गिरणीतल्या पोरींनी मला तुझ्यासाठी शिल्लक ठेवला असता का?"

मी हसले. सीट पुन्हा उघडली, फोम बदलला. गुरुवारी सकाळी पुन्हा दोन इंच. पुढच्या कडेला, त्याच जागी.

गुरुवारी दुपारी ल्यूथर नवा फिशफाइंडर लावायला आला. पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारा तो पडदा हल्ली सगळ्यांनाच हवा असतो. वायर शोधताना तो सहज डावीकडे टेकला आणि ताडकन उठला. त्याच्या पँटच्या मागे मोठा ओला डाग होता.

"मिस व्हर्ना, तुमच्या सीटने मला चार वर्षांचा केला हो!"

मी रेक्झिनवरून हात फिरवला. हाताला ओल लागली नाही. फक्त गार होतं ते, एप्रिलच्या त्या उकाड्यात.

डेल्मरचं लक्ष नव्हतं. होइटच्या जुन्या पडद्यात साठवलेल्या जागांच्या खुणा त्याने नव्या पडद्यात उतरवल्या होत्या आणि लहान मुलासारखा तो त्या वाचत होता. आमच्याकडे माणूस मेला तर त्याची बोट विकतात, बंदूक मुलाला देतात. पण मासे कुठे मिळतात त्या जागा तो बरोबर घेऊन जातो. होइटच्या दोनशेहून जास्त जागा त्या पडद्यात तशाच राहिल्या होत्या.

"बुडालेलं झुडूप," डेल्मर वाचत होता. "मोडका धक्का. दगडांची रांग. आणि हे काय? पोकबेरीच्या ओढ्यात, अगदी आत. 'ह्याचं घर.'"

"कुणाचं?" ल्यूथरने विचारलं.

"ह्याचंच की!" डेल्मरने डाव्या सीटवर थाप मारली. "ऐकलंस का रे भाऊ? शनिवारी आधी तुला घरी सोडतो, मग मासे. शब्द दिला."

"मी साक्षीदार," ल्यूथर पँट झटकत म्हणाला.

माझ्या हातातली सुई थांबली. "डेल्मर, असा शब्द देऊ नये."

"अगं, सीटला दिलाय."

"शब्द शब्दच असतो."

तो हसला, आणि माझी हनुवटी धरून म्हणाला, "पाद्रीबाई, शनिवारी तुम्हीही या."

शुक्रवारी सकाळी स्तोत्र वाचून मी शेडमध्ये गेले. सीट सपाट होती. कोरडी, ताणलेली, मी शिवली तशी. मी देवाचे आभार मानले. पण कामात मन लागेना. दिवसभर काही ना काही निमित्त काढून मी शेडमध्ये जात होते. तयार होऊन, सामान बांधून कुणी बाहेर उभं असलं की घरात जशी शांतता असते, तशी त्या शेडमध्ये होती.

शनिवारी डेल्मर उजाडताच गेला आणि दुपारी शीळ घालत परतला. पाच मोठे बास, सगळे मोजून परत पाण्यात सोडलेले. एकेकाची लांबी तो हातांनी दाखवत होता. त्याच्या शर्टाची डावी बाही खांद्यापासून ठिबकत होती. उजवी कोरडी.

"ओढ्यात गेला होतास?"

"कुठल्या?" मग त्याला आठवलं. "अरे हां! अगं, मोडक्या धक्क्यापाशीच चावायला लागले. असे चावत होते की काय सांगू! चावणारे मासे सोडून कोण जातं?"

कुणी जात नाही. आमच्याकडे लग्नाला उशीर होतो, दफनाला होतो. चावणारे मासे सोडून कुणी उठत नाही. माझे वडील माझ्या बाप्तिस्म्याला याच कारणाने पोचले नव्हते.

"पुढच्या वेळी नेईन की त्याला," डेल्मर म्हणाला, आणि खोकला.

मी शेडमध्ये गेले. डाव्या सीटवरचा खळगा आता चार इंच होता. माझी दुहेरी शिवण तटातटा तुटली होती.

रविवारी सहाला मी स्तोत्र वाचत होते. डेल्मरच्या खोकल्याने ते मध्येच थांबवावं लागलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तो उशीला टेकून बसला होता. उशी ओलीचिंब होती आणि खोलीला तळातल्या चिखलाचा वास येत होता. मी तसराळं धरलं. त्यात तो जे ओकला ते गढूळ पाणी होतं. त्यात पाणवनस्पतीचा एक हिरवा तंतू होता, बोटभर लांब.

"पाइनचे पराग आहेत," तो म्हणाला. "दरवर्षी होतं." त्याचे ओठ निळसर झाले होते.

मी ल्यूथरला गाडी काढायला सांगितलं, आणि तो येईपर्यंत मिस विनेलला फोन लावला.

"होइट कसा गेला?"

"खोकल्याने. तीन दिवस. डॉक्टर म्हणाले छाती कोरडी आहे. आणि माझी गादी बाई, खालपर्यंत भिजायची."

"त्याने कुणाला शब्द दिला होता?"

"दर वर्षी द्यायचा. पुढच्या वेळी सोडतो म्हणायचा. मग मासे लागायचे. गेल्या वर्षी त्याने तेही म्हणणं सोडलं. डावीकडच्याचा धीर तेव्हाच संपला."

"कोण आहे तो?"

"मला माहीत नाही. मी पाण्याला भीत नसते तर मीच सोडून आले असते." ती रडायला लागली. "मी बोट दूर पाठवायला हवी होती. तुम्ही लोक इतके चांगले आहात हे माहीत असतं, तर तुम्हाला दिली नसती. मला क्षमा करा."

मी क्षमा केली. ती करावीच लागते.

ल्यूथरने डेल्मरला गाडीत बसवलं. डेल्मरने खिडकीतून माझा हात धरला. त्याची बोटं गार आणि सुरकुतलेली होती, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

"तुम्ही बसा ना पुढे," ल्यूथर म्हणाला.

"मला एक काम आहे, ल्यूथर. दिलेल्या शब्दाचं."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग शेडकडे. साक्षीदार राहिल्याचं त्याला आठवलं असावं. "मिस व्हर्ना, थांबा, मी येतो मग..."

"तू त्याला इस्पितळात घेऊन जा. भरधाव जा."

तलावात बोटी उतरवायच्या उतारावर कुणी नव्हतं. सगळे चर्चमध्ये. ट्रेलर सरळ मागे घेणं आमच्या घरात मलाच जमतं. त्या उतारावर मी संसार मोडताना पाहिले आहेत. चाकं पाण्यात गेली. बोट ट्रेलरवरून सुटली आणि सपाट तरंगू लागली.

मी दोरी धक्क्याला बांधली.

बोट डावीकडे कलली. मी अजून धक्क्यावरच होते.

मी लाइफ जॅकेट घातलं. उजव्या सीटवर बसले. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद करणारी दोरी कमरेला अडकवली. डावीकडे बघितलं नाही.

"मी डेल्मरची बायको," मी म्हणाले. माझा आवाज मुळातच लहान आहे. त्या पाण्यावर तो मलाच ऐकू आला नाही. "त्याला मासे लागले, म्हणून राहिलं. तुम्हाला मी सोडते. तुम्ही त्याला सोडा."



पडद्यावर मी 'ह्याचं घर' ही खूण निवडली. सव्वादोन मैल. धक्क्याची दोरी सोडली, इंजिन सुरू केलं.

उत्तरेचा वारा होता. डाव्या अंगाने येणारा, बोचरा. पाण्यावर त्याच्या बारीक रेघा धावत माझ्याकडे येताना दिसत होत्या. या बोटीत डाव्या सीटपुढे काच नाही, आडोसा नाही, तिकडून माझ्यापर्यंत सगळं उघडं आहे. मी वेग वाढवला. माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूचे केस उडू लागले.

डाव्या बाजूची एक बटही हलत नव्हती.