डावीकडचा एक ठिपका

लेकीच्या पत्राला अक्षरकारांनी उत्तर दिलं नव्हतं. ‘बाबा, तुमच्या अक्षरांना मी हात लावलेला नाही. विश्वास असेल तर दोन ओळी लिहा.’ विश्वास नव्हता, म्हणून ओळीही नव्हत्या.

“घरातच चोर, मावशी!” त्यांनी कपाळावर हात मारला.

मावशी खासगी तपास करायच्या. सोबत थोरले भाऊ, त्यांना सगळे मास्तर म्हणत.

अक्षरकारांनी फलकांसाठी जुन्या व्हिडिओ गेमसारखी चौकोनी ठिपक्यांची अक्षरं घडवली होती. पण गिऱ्हाइकाकडे पोचली, की शिरोरेखेतला डावीकडचा एक ठिपका गायब! त्यांच्या पडद्यावर बघावं, तर अक्षर धडधाकट. फाइल पाठवायची लेक. बाचाबाची झाली आणि ती घर सोडून गेली.

“सगळ्याच अक्षरांत?” मावशींनी विचारलं.

“थ, ध, भ तेवढे वाचले.”

“त्यांच्यावर तिची माया असेल,” मास्तर म्हणाले.

“दादा, गप्प बस ना जरा!”

मावशींनी गिऱ्हाइकाला फोन लावला. “आम्ही फाइल नुसती उघडतो हो! फलक अडलेत आमचे.”

मग लेकीला. “माझ्या पडद्यावर भोक मला पहिल्यापासून दिसतंय. सांगितलं, तर म्हणाले, तूच पाडलंस!”

अक्षरकारांच्या टेबलावर जुनाट पडदा होता. प्रत्येक अक्षर ते त्याच कोपऱ्यात, त्याच जागी काढत. अक्षराचा एक ठिपका म्हणजे पडद्याचा एक ठिपका.

“मोठं करून काढणं म्हणजे लबाडी,” ते गुरगुरले आणि रुमालाने काच घासू लागले. “ध काढताना नेमकी इथेच धूळ बसते मेली!”

“आता क काढा. काढलात? एक घर खाली सरकवा.”

क खाली सरकला. शिरोरेखेत भोक पडलं, आणि वर एक काळा ठिपका एकटाच लटकत राहिला.

“हा तुमचा चोर,” मावशी म्हणाल्या. “पडद्याचा हा ठिपका मेलाय, कायम काळा. तुमची शिरोरेखा नेमकी त्याच्यावरून जाते. तिथे आधीच काळं दिसतं, म्हणून तुम्ही ते घर भरतच नाही. थ, ध, भ यांची शिरोरेखा तिथे तुटलेली असते. म्हणून ते वाचले, आणि तुम्ही ठिपक्याला धूळ समजून पुसत बसलात.”

“म्हणजे ठिपका चोरलाच नाही?” मास्तरांनी विचारलं.

“भरलाच नव्हता, तर चोरणार काय, दादा!”

अक्षरकारांचा चेहरा उतरला. “आता तिला काय लिहू?”

“मला विचारता? तिने दोनच ओळी मागितल्यात!”

त्यांनी त्याच अक्षरांत दोन ओळी छापल्या. भोकं तशीच राहू दिली. ‘भोक माझ्याच पडद्यात होतं. घरी ये.’

टपालपेटीपाशी ते पुन्हा घुटमळले. “जरा नीट शब्दांत लिहिलं असतं, तर...”

“टाका हो एकदाचं!” मावशी ओरडल्या.

पाकीट आत पडलं.