मागच्या सीटखालचं पाणी

तुमचा विश्वास बसावा म्हणून मी हे सांगत नाहीये. माझ्या काकाचा अजूनही बसलेला नाही, आणि हे त्याच्या डोळ्यांदेखत घडलंय. त्याच्याच गॅरेजमध्ये. भर दुपारी.

थंडीचे दिवस होते. बाहेर स्वच्छ ऊन. वीज गेली नव्हती की कुठे कुत्रं रडत नव्हतं.

काका मेकॅनिक. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तो जांभई देऊन उठायचा. 'गाडी कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो मालक,' हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्या दुपारी आत्या, म्हणजे त्याची थोरली बहीण, आपली गाडी घेऊन आली. आत्या दवाखान्यात नर्स. गाडी जुनीच, पण तिनं नुकतीच घेतलेली.

"गाडीखाली पाणी साठतंय बघ. रोज सकाळी थारोळं."

"एसीचं असेल, ताई."

"एवढ्या थंडीत एसी कोण लावतंय? मला काय खुळी समजतोस?"

काका हसत हसत खाली वाकला. काय गळतंय ते ओळखणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. काळं असलं तर इंजिनचं ऑइल. हिरवं असलं तर कूलंट. पिवळसर आणि बुळबुळीत लागलं तर ब्रेक ऑइल.

हे यातलं काहीच नव्हतं.

बोटावर घेतलं. रंग नाही. वास नाही. आणि...

कोमट.

आत्यानं सवयीनं गाडी लॉक केलेली, पुढचा भाग तोवर गार पडलेला. आणि पाणी ठिबकत होतं ते मागच्या डाव्या सीटखालून. पाण्याची एकही नळी तिथून जात नाही.

काकानं बोट जिभेला लावलं.

"अरे, चाटतोस काय? विष असलं म्हणजे?"

"मग तू कशाला आहेस, नर्सबाई?" तो म्हणाला. पण त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

पाणी खारट होतं.

मग तो इरेला पेटला. गाडी वर उचलून तळ कोरडा पुसला. मागची सीट काढली, खालचा गालिचा उचकटला. सगळं खडखडीत. तासभर खाली पुठ्ठा अंथरून ठेवला, त्यावर एक थेंब नाही. सीट पुन्हा बसवली, गाडी खाली घेतली, चारही दारं लावून लॉक केली आणि तो हात धुवायला गेला.

नळ बंद केला, तेव्हा मागून आवाज आला.

टप...

टप...

पुठ्ठ्यावर ओला डाग पसरत होता.

काकानं मागचं दार उघडलं. आवाज थांबला. लावून लॉक केलं... टप. उघडलं... शांत. तीनदा, चारदा केलं. दर वेळी तेच.

"लॉक केलं की गळतं," तो स्वतःशीच पुटपुटला. "असं कसं होईल?"

आत्या मागच्या काचेकडे बघत होती.

शेवटी काका म्हणाला, "मी मागे बसतो. तू बाहेरून लॉक कर. पाणी कुठून येतं ते आतून दिसेल."

"नको रे."

"ताई, गाडीच आहे. मला खाणार नाहीये."

तो उजव्या बाजूला बसला. आत्यानं दार लावलं. खट्. चारही कुलपं एकदम पडली.

शेजारच्या दुकानातला ठोकाठोकीचा आवाज जणू कोणी गिळून टाकला. आत फक्त त्याचा श्वास. आणि उकाडा. एवढ्या थंडीत... भट्टीसारखा उकाडा. कपाळावरून घाम ओघळायला लागला.

मग त्याला दिसलं.

डाव्या बाजूच्या काचेवर वाफ धरली होती. तळहाताएवढीच. खूप खाली, काच जिथे सुरू होते तिथे, लहान मुलाचं तोंड पोचेल तेवढ्याच उंचीवर.

त्यानं श्वास रोखून धरला.

वाफ विरली... परत आली. विरली... परत आली.

भराभर.

काका दाराचा खटका ओढत राहिला. दार उघडेना. उजवी काच त्यानं बडवली. आत्या समोरच उभी होती, पण तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

ती त्याच्या शेजारी बघत होती.

तिच्या हातातली किल्ली खाली पडली. तिनं ती कशीबशी उचलली, बटण दाबलं. काका अक्षरशः बाहेर कोसळला. आत्यानं त्याला हातही दिला नाही. ती धावत पलीकडे गेली, डावं दार सताड उघडलं आणि आत वाकली.

डाव्या सीटचा पट्टा लावलेला होता.

सीट बसवताना काकानं तो स्वतः मोकळा सोडला होता.

आत्यानं तो हळूच काढला. पेशंटची पट्टी सोडवावी तसा. मग बाजूला सरकून उभी राहिली, कोणाला उतरायला वाट द्यावी तशी. बराच वेळ.

"ताई... काय दिसलं तुला?"

तिनं बाहीनं डोळे पुसले. "हे दार लावू नकोस. एवढंच ऐक माझं."

संध्याकाळी काकानं गाडी विकणाऱ्या माणसाला फोन लावला. मागच्या सीटखाली पाणी येतंय, एवढंच सांगितलं. 

पलीकडून अगदी बारीक आवाज आला.

"मागचं दार... लॉक करता का तुम्ही?"

"हो. का?"

फोन कट झाला. पुन्हा तो कधीच लागला नाही.

काका म्हणाला, "भंगारात घाल, नाहीतर विकून टाक कोणाला तरी."

"आणि तो माणूस लॉक नाही करणार?" आत्यानं विचारलं.



गाडी आता आत्याच्या अंगणात उभी असते. वर्षं झाली. चाकं बसलीत, पत्रा गंजलाय. डावं मागचं दार दोरीनं बांधून उघडं ठेवलेलं. खालची फरशी कोरडी. काका अजूनही बहिणीकडे गेला की तिकडे पाठ करून बसतो.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे मुक्कामी होतो. सकाळी ती ड्युटीला निघाली. चप्पल घातली, घराला कुलूप लावलं, आणि गाडीपाशी थांबून अगदी सहज म्हणाली,

"संध्याकाळ होईल हं मला यायला."

मी विचारलं, "आत्या, कोणाशी बोलतेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"लगेच येते म्हणून जायचं नसतं रे," ती म्हणाली, आणि फाटक उघडून चालू लागली.

मी तिच्या मागोमाग निघालो.

वळून बघायचं धाडस काही झालं नाही.