मामाचा सातवा हौद

"ठरलं! पिंपामागे लपायचं आणि पंप बंद करणाऱ्याला रंगेहाथ पकडायचं!" बडबड्या म्हणाला.

"हळू बोल, भोंग्या!" ताईने भावाला दटावलं. एरवी ती हसली असती.

सुट्टीत दोघं मामाकडे आली होती. मामा मत्स्यबीज केंद्रात मासे सांभाळायचा. सोमवारी हवेच्या पंपाला डबीएवढा छोटा संगणक बसवला आणि चार दिवसांत सातपैकी सहा हौदांतले मासे गुदमरून मेले! "मामाच बटणांशी खेळतो," असं इंजिनिअरने साहेबांच्या मनात भरवलं. आज मामाचा कामाचा शेवटचा दिवस होता. आणि त्या डबीला ना पडदा होता, ना एकही बटण!

इंजिनिअर आला. त्याने लॅपटॉपची वायर डबीला जोडली, काहीतरी टाइप केलं आणि सातव्या हौदात बुडबुडे उठले. "बघा, मी असताना कसं चालतं!" असं मामाला म्हणत त्याने लॅपटॉप मिटला, वायर काढली आणि गाडीत बसून तो निघून गेला.

बुडबुडे थांबले.

"ताई, कुणी हातसुद्धा लावला नाही!"

"लॅपटॉप मिटला की डबीतलं कामही बंद पडतं! पळ साहेबांकडे!"

पण साहेबांची मीटिंग चालू होती. "बसा बाहेर," शिपाई म्हणाला. ताईने विनवण्या केल्या, बडबड्या रडला, तरी दोन तास दार उघडलं नाही.

शेवटी पोरांचं ऐकून साहेबांनी इंजिनिअरला परत बोलावलं. त्याने पंप सुरू केला.

"आता लॅपटॉप मिटा ना, काका," ताई म्हणाली.

त्याने मिटला. बुडबुडे थांबले. इंजिनिअरचा चेहरा पडला.

"मी गेल्यावरही मागे चालू राहा, असं संगणकाला सांगायचं राहूनच गेलं," तो पुटपुटला. एका ओळीचं काम होतं! ती ओळ टाकून त्याने वायर काढली, तरी बुडबुडे उठतच राहिले.

"शाब्बास, पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!" साहेबांनी ताईची पाठ थोपटली. "मामा, उद्यापासून कामावर या."

मामा हौदात हात घालून उभा होता. त्याच्या हातून खाणारी म्हातारी मासळी पोट वर करून तरंगत होती, आणि तिच्याभोवती बाकीचे सगळे.

"येतो की, साहेब," मामा म्हणाला. "पण सांभाळू कुणाला?"

ताईला रडू फुटलं. हौदात बुडबुडे जोरात उठत होते.