तिसरा धबधबा गेला कुठे?

"गप्प! कोणी बिस्किटसुद्धा चावायचं नाही!" भोंगा ओरडला.

"अरे, सगळ्यात जास्त आवाज तुझाच आहे," बिट्टी म्हणाली आणि तिचा धाकटा भाऊ टिल्ल्या फिस्सकन हसला.

वाटेला फाटा फुटला होता, म्हणून ही शांतता. थंडीच्या सुट्टीत तीन धबधबे बघायला जायचं आणि वाट आजोबांनी कानांनी शोधायची, हा घरचा जुना नियम. हिवाळ्यात पानं झडतात, पाण्याचा आवाज लांबवर येतो. आजोबांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली होती. नुसती टिकटिक ऐकून ते बिघाड सांगत. फाटा आला की कानटोपी वर करायची, डोळे मिटायचे, गळ्यातली शिट्टी एकदा फुंकायची आणि चालू लागायचं. कुणाला विचारायचं नाव नाही! दोन धबधबे असेच सापडले होते. राहिला होता तिसरा, सगळ्यात मोठा.

पण या वेळी आजोबा नुसतेच उभे राहिले. "काहीच ऐकू येत नाही," ते पुटपुटले. शेवटी आठवणीवर भिस्त ठेवून ते डावीकडे वळले.

पुढे होता एक उंच काळा कडा. पाण्याचं नावही नाही!

"चुकलात तुम्ही, अण्णा," काका वैतागले. काका म्हणजे भोंग्याचे बाबा. "आधी कान गेले, आता वाटाही विसरायला लागलात. पुढच्या वर्षीपासून डोंगर बंद!"

आजोबांनी बिट्टीकडे पाहिलं. दर वर्षी त्यांचं बोट धरून येणारी त्यांची लाडकी नात. "बिट्टे, तू सांग. हीच ना गं जागा?"

कड्यावरचा तो वाकडा सुळका बिट्टीला चांगलाच ओळखीचा वाटत होता. पण पाय गारठले होते, पोटात कावळे ओरडत होते आणि काकांचा चेहरा बघून 'हो' म्हणायची हिंमत होईना.

"नाही वाटत, आजोबा."

आजोबांनी वाद घातला नाही. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. "मग आता पुढे तू हो," एवढंच म्हणाले आणि कड्याखालच्या दगडावर जाऊन बसले. काकांनी थर्मासमधला चहा ओतला. बिट्टीला ती शिट्टी हातात धरवेना.

"ए, इकडे या लवकर!" टिल्ल्या कड्याच्या पायथ्याशी ओणवा झाला होता. एवढंसं डबकं आणि त्यात बोटाएवढे मासे तडफडत होते! "हे काय चालत आले इथे?"

"बसने आले असतील," भोंगा म्हणाला.

बिट्टीने कड्याला हात लावला. शेवाळ ओलंगच्च! "पाणी इथेच होतं! आत्ताआत्तापर्यंत होतं! आजोबा बरोबर होते!" आजोबा बरोबर आहेत हे तिला 'नाही' म्हणतानाही वाटत होतं.

नुसतं सांगून काकांना पटणार नव्हतं. बाजूच्या घळीतून तिघं वर चढली आणि एका खडकाआड दबून बसली. समोर ओढा फळ्या आणि वाळूची पोती लावून अडवलेला! सगळं पाणी एका जाड पाइपातून डोंगरावरच्या हॉटेलच्या नव्या तळ्यात चाललं होतं. हॉटेलचा मॅनेजर खुर्ची टाकून आरामात शेंगदाणे खात होता.

"साहेब, खाली कोणी असलं तर?" मजुराने विचारलं.

"या थंडीत कोण येतंय? तळं भरलं की सोडू पाणी."

"जाऊन भांडू या?" भोंगा कुजबुजला, म्हणजे नेहमीच्याच आवाजात बोलला. नशीब, पाइपाची खळखळ मोठी होती!

"हाकलून देतील. टिल्ल्या, तू खाली पळ. आजोबांना आणि काकांना कड्यापासून लांब ने आणि रुमाल हलव. भोंग्या, आज तुझा घसा कामी येणार!"

खाली रुमाल हलला. बिट्टीने जीव खाऊन शिट्टी फुंकली.

"कोण आहे रे तिकडे? पाणी कुणी अडवलं?" खडकाआडून भोंगा गरजला. कड्याकड्यांतून तोच प्रश्न घुमला!

मॅनेजर खुर्चीसकट उलटला. "मेलो! तपासणीला आले वाटतं! काढ, काढ त्या फळ्या!" चकचकीत बुटांसकट तो स्वतःच पाण्यात उतरला. फळ्या निघाल्या आणि ओढा धडाडत कड्यावरून झेपावला!

बिट्टी आणि भोंगा धापा टाकत खाली पोचली, तेव्हा आजोबा कानटोपी हातात घेऊन डोळे मिटून उभे होते. "ऐकू येतंय," ते म्हणाले. "येतंय गं मला!"

मुलांनी सगळी हकीकत सांगितली. काकांची मान खाली गेली. "अण्णा, चुकलं माझं. शाब्बास रे पोरांनो! त्या मॅनेजरची तक्रार मी आजच करतो."

"बिघाड घड्याळात नाही, बाहेर आहे, हे ओळखायला डोकं लागतं," आजोबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

बिट्टीने शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली. "आजोबा, मला जागा ओळखू आली होती. तरी मी नाही म्हटलं."

"असू दे गं. मलाही जागा चुकली असंच वाटायला लागलं होतं," आजोबा हसले. बिट्टीला मात्र हसू आलं नाही.

परतताना दुसऱ्या धबधब्याजवळचा फाटा लागला. आजोबांनी कानटोपी वर केली, डोळे मिटले. पाण्याचा आवाज टिल्ल्यालाही स्पष्ट येत होता. बिट्टी शिट्टीची वाट बघत राहिली.

आजोबांनी डोळे उघडले आणि हळूच विचारलं, "बिट्टे, उजवीकडेच ना गं?"

"हो आजोबा, उजवीकडेच!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की भोंगासुद्धा दचकला.

मग कुठे आजोबांनी शिट्टी फुंकली. पुढच्या फाट्यावरही त्यांनी तिला विचारलं.