पहिलं ‘नको’

फुटबॉल गोलात जायचा तो प्रीताच्या कॉफीवर आला. कप उडाला, कुर्ता भिजला, आणि मैदानावरून एक उंच, दाढीवाला माणूस डोक्याला हात लावत धावत आला.

“सॉरी, सॉरी! भाजलं का?”

“गोल तिकडे आहे,” प्रीताने बोट दाखवलं. “चांगला मोठा आहे.”

“माहितीये. लहानपणापासून शोधतोय. सापडला असता, तर अल्फारेटात कशाला आलो असतो?”

ती हसली. रागवायचं ठरवून हसली... तिथेच सगळं बिनसलं.

त्याचं नाव बेन्यात. स्पेनच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या बास्क मुलखातला. “म्हणजे स्पॅनिश?” असं तिने विचारलं, तेव्हा नागपूरकराला कुणी पुणेकर म्हटल्यावर त्याचा जसा चेहरा होईल, तसा त्याचा झाला. खेळायचा फॉरवर्ड. त्यांच्याकडे एक मोठा क्लब आहे, तो फक्त आपल्या मातीतली पोरं घेतो. बाहेरचा कितीही नावाजलेला असो, त्याला दार बंद. बेन्यात सतराव्या वर्षी त्या क्लबात शिरला. मग गुडघा दुखावला, आणि क्लबाने त्याला सोडून दिलं. तिथून सायप्रस, मग मेक्सिको, आणि आता अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटातली ही छोटीशी टीम.

“फक्त आपल्यातलेच?” प्रीता म्हणाली. “माझ्या आईला हा क्लब फार आवडेल.”

पण आईला क्लबापेक्षा बेन्यातच आवडला. प्रीता त्याला जेवायला घेऊन गेली, तेव्हा गाडीतच तिने त्याला एक शब्द शिकवून ठेवला होता. “पोट भरलं की ‘नको’ म्हण. नाहीतर वाचणार नाहीस.”

अळूवडीच्या तिसऱ्या फेरीला तो छाती पुढे काढून म्हणाला, “मावशी, नको!”

आईने आणखी दोन वाढल्या.

तो गोंधळून प्रीताकडे वळला. “चुकीचं बोललो का?”

“बरोबर बोललास. पण पहिलं ‘नको’ आमच्याकडे कुणी धरत नाही. पाहुण्याने ‘नको’ म्हणायचं, घरच्यांनी आग्रह करायचा. त्याशिवाय पाहुण्याला कसं कळणार, की तो खरंच हवाय?”

बेन्यातने ताटातली एक वडी उचलली. “आमच्याकडे एकदाच विचारतात,” तो म्हणाला. “नाही म्हटलं, की ताट उचलतात. तुमचं बरं आहे. दुसरा पास मिळतो.”

“आणि त्यावर तरी गोल मारता येतो का?”

“समोर कोण उभं आहे, त्यावर आहे...”

आई इंग्रजी न कळल्यासारखं करून ताक आणायला आत गेली.

तो उन्हाळा असाच गेला. जॉर्जियात संध्याकाळी ढग दाटून यायचे, वीज चमकली की सराव थांबवायचे. फार्मसीतली शिफ्ट संपवून आलेली प्रीता गाडीत बसलेली असायची, आणि बेन्यात चिखलाच्या बुटांसकट शेजारी येऊन बसायचा. काचांवर वाफ धरायची. ती त्याच्या केसातलं गवत काढायची—आणि तिचा हात परत यायला जरा उशीरच करायचा.

“अजून आहे का गवत?”

“खूप आहे. हलू नकोस.”

दोघांनाही ठाऊक होतं, की गवत कधीच संपलंय. तरी कुणी काही बोललं नाही. बोलू की, घाई काय आहे!

ऑक्टोबरात त्या मोठ्या क्लबाचा फोन आला. त्यांचे दोन फॉरवर्ड जायबंदी झाले होते, आणि आपल्या मातीतला, खेळता असा बेन्यातच उरला होता. इथली टीमही त्याला सोडायला तयार नव्हती. टीमने नवा करार पुढे केला होता. उद्या दोघांनाही उत्तर द्यायचं होतं.

हे त्याने गाडीतच सांगितलं. बाहेर पाऊस कोसळत होता.

प्रीताने वायपर बंद केले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते त्याच्या हातात आलं होतं. मध्ये येणारी ती कोण? तरीही, चहा घेतोस का म्हणावं इतक्या सहज तिने विचारलं, “थांबतोस?”

तो तिच्याकडे वळला. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं.

“नको,” तो म्हणाला.

आणि तसाच बसून राहिला.

तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं. ते दिसू नये म्हणून ती काच पुसायला लागली. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “जायलाच हवं तुला.”

त्याचं हसू विझलं. “बरं...” तो म्हणाला. आणखी थोडा वेळ बसला. मग दार उघडून पावसात उतरला, मागच्या सीटवरची छत्री न घेताच.

तिकडे तो छान खेळला. त्याच्या नावाची गाणी झाली, लहान मुलं त्याच्या नंबरचे शर्ट घालू लागली. मिळालं हो त्याला हवं ते, असं प्रीताने स्वतःला समजावलं. पुढे शार्दूल आला, जिवाला जीव देणारा. लग्न झालं, आन्या झाली.

आज शनिवारी दुपारी बेन्यातची शेवटची मॅच होती. प्रीताने फोन वरणभाताच्या वाटीला टेकवून ठेवला होता. आन्याने मान फिरवली.

“नको!”

“असं काय गं? एकच घास. माझ्यासाठी.”

आन्या खुदकन हसली आणि तिने मोठ्ठा आ केला. जणू दुसऱ्यांदा विचारायचीच वाट बघत होती.

प्रीताचा हात हवेतच राहिला.

त्या संध्याकाळी गाडीत तो सगळं इंग्रजीत बोलला होता. तो एक शब्द सोडून. तिनेच शिकवलेला, तिच्याच घरच्या रीतीने म्हटलेला... आणि मग वाट बघत बसला होता. घर तिचं होतं. आग्रह तिने करायचा होता.

फोनमध्ये खेळाडू बदलायची पाटी वर झाली. बेन्यात मैदानाबाहेर निघाला. अख्खं स्टेडियम उभं राहून त्याचं नाव घेत होतं. रेषेपाशी तो क्षणभर घुटमळला, त्याने मागे वळून बघितलं.

“थांब ना,” प्रीता म्हणाली. “थांब ना रे...”

“कोण, आई?” आन्याने विचारलं.

“कुणी नाही, सोन्या. आ कर.”

तिने डोळे पुसून पुन्हा फोनकडे पाहिलं, तेव्हा रेषेपाशी कुणीच नव्हतं.