यादीत एकच कंट्रोलर

त्या उन्हाळ्यात इजिप्तमधल्या मन्सूरा शहरात दुपारी तीनला वीज जायची ती पाचला यायची. हे तान्ह्या पोरालाही पाठ झालं होतं. भात टाकायचा तो त्याआधी, कपडे मशीनला लावायचे ते त्याआधी, आणि लिफ्टमध्ये पाय ठेवायचा तोही पावणेतीनच्या आत. त्या मंगळवारी मात्र वीज वीस मिनिटं आधीच गेली आणि युम्ना तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधोमध लटकली.

बरं, एकटी लटकली असती तरी चाललं असतं. शेजारी एक उंच तरुण उभा होता. एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात पान्ह्यांची पिशवी.

"घाबरू नका," तो म्हणाला.

"मी घाबरले असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"नाही... असं म्हणायची पद्धत असते."

"गच्चीत चाक असतं म्हणे. ते फिरवून लिफ्ट हातानं खाली घेता येते ना? मग लिफ्टवाल्याला बोलवा."

त्यानं मान खाजवली. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्यापुढे धरला. "लिफ्टवाला मीच. गच्चीची किल्लीही हीच. फटीतून वर देता येईल, पण चाक फिरवणार कोण? तुमच्या वॉचमन शाहातकाकांच्या हाती दिलं तर आपण थेट तळघरात. आमचा दुसरा माणूस दूर गेलाय, यायला दीड तास तरी..."

युम्ना हसली. इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. त्या हसण्यानं त्याचे कान लाल झाले आणि ते तिला अंधारातही दिसले.

"युम्ना? अगं, आत कोण आहे तुझ्याबरोबर?" वरून आईचा, मागदाबाईंचा आवाज आला.

"लिफ्टचे बाशमुहंदिस आहेत, आई."

आता नळ जोडणाऱ्यापासून पूल बांधणाऱ्यापर्यंत सगळ्यांनाच तिथे बाशमुहंदिस, म्हणजे इंजिनियरसाहेब म्हणतात, त्यामुळे आईला अर्थबोध काहीच झाला नाही. तरी सावधगिरी म्हणून तिनं चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या तोंडाशीच खुर्ची टाकली. फटीतून तिच्या नुसत्या चपला दिसत होत्या. दर पाच मिनिटांनी चपला विचारत, "ठीक आहे ना गं?"

युम्नानं खाली बसकण मारली आणि पर्समधून आपलं व्हिडिओ गेमचं कन्सोल काढलं. घरी असलं की टीव्हीखालच्या स्टँडमध्ये बसायचं आणि भिंतभर खेळ दाखवायचं. उचललं की तळहातावर येऊन तिथूनच पुढे चालू. वीज असो नसो, त्याला फरक पडत नसे. दात बनवणाऱ्या लॅबमध्ये ती नोकरी करायची. पहिली भिशी लागली तेव्हा मैत्रिणींनी बांगड्या घेतल्या आणि हिनं हे घेतलं. वर्षभर त्याचा उद्धार ऐकला, पण पश्चात्ताप एकदाही केला नाही.

"दोघांना खेळता येतं?" त्यानं विचारलं. त्याचं नाव हाझेम, हे एव्हाना चपलांनी विचारून घेतलं होतं.

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. कन्सोल हातात पाहिलं की पुरुष दोन गोष्टी बोलतात, हा तिचा अनुभव. एक तर "भावाचं आहे का?" नाहीतर "दे, मी दाखवतो." हा तिसरंच काही बोलला होता.

तिनं यंत्राच्या पाठीचा पाय उघडून ते फरशीवर उभं केलं, उजवीकडचा लाल कंट्रोलर सरकवून काढला आणि त्याच्या हातात ठेवला. डावा, निळा, स्वतः घेतला.

खेळ साधा होता. एका दोरीनं बांधलेली दोन बदकं आणि एक डोंगर. एक घसरलं की दुसरंही खाली.

"उडी मारा! आता मारा... अहो, आता!"

"मारली की."

"मी मारायच्या आधी मारलीत. दोरी आहे ना मध्ये? माझ्याकडे बघून मारा."

"बदकाकडे बघू की तुमच्याकडे?"

"बदकाकडे," युम्ना म्हणाली, आणि तिचं बदक दरीत पडलं.

"ठीक आहे ना गं?" चपला म्हणाल्या.

दीड तासात त्यांची बदकं अर्धा डोंगर चढली. आज वीज लवकर गेली तशी लवकर आली. लिफ्टला हिसका बसला. चौथ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा आईनं लेकीला दंडाला धरून बाहेर ओढलं, आणि हाझेम मान खाली घालून जिन्यानं उतरून गेला. घरी येऊन युम्नानं कन्सोल स्टँडमध्ये ठेवलं तेव्हा लक्षात आलं... उजवी बाजू रिकामी होती.

पुढच्या मंगळवारी तो आला. लिफ्टला काही झालेलं नव्हतं.

"माझा कंट्रोलर पळवलात," ती दारातच म्हणाली.

"खिशात राहिला. त्याच दिवशी परत येणार होतो, पण..." त्यानं तो पुढे केला. "त्याचा दिवा विझला. मी सगळ्या वायरी लावून पाहिल्या. चार्जच होत नाही."

"होणार कसा? तो माझ्या यंत्राला लावल्याशिवाय चार्ज होत नाही."

"असं होय?" हाझेम म्हणाला. चेहऱ्यावर इतका आनंद, की तो लपवायला त्यानं खाली वाकून बुटाची लेस बांधली. बुटाला लेस नव्हती.

त्यानंतरचे मंगळवार कसे गेले ते विचारू नका. नाईलच्या काठच्या रस्त्यावर, उसाच्या रसाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर, भर दुपारी, सगळ्या जगादेखत दोघं बसायची. मध्ये खारवलेल्या तुर्मुसाच्या दाण्यांचा कागद, त्याच्या पलीकडे ते उभं केलेलं कन्सोल. उठताना तो लाल कंट्रोलर खिशात घालून न्यायचा आणि आठवड्यानं चार्ज करायला आणायचा. परत दे असं ती म्हणाली नाही. कधी तुर्मुसाच्या कागदात दोघांची बोटं एकदम पडायची... आणि मग बराच वेळ कुणीच तुर्मुस खायचं नाही.

"तुझं आधी एकदा ठरलं होतं ना?" एका मंगळवारी त्यानं विचारलं. तोवर तुम्हीचं तू झालं होतं.

"फातिहा वाचून साखरपुडाही झाला होता. मग तो म्हणाला, लग्नानंतर हे खेळणं माझ्या पुतण्याला देऊन टाक, तुला वेळ कुठे मिळणार? मी त्याच संध्याकाळी अंगठी परत केली. तेव्हापासून गल्लीत माझं नाव आहे. खेळण्यापायी लग्न मोडलेली."

"तू काय म्हणतेस त्यावर?"

"मी म्हणते, नाव बरोबर आहे. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा मोडीन. तुला आत्ताच सांगून ठेवते."

हाझेमनं मान हलवली, आणि रसाचा ग्लास उचलून तिच्या ग्लासाला हळूच लावला.

पुढे त्याच्या घरचे आले, फातिहा वाचली गेली, सगळं सुरळीत झालं. राहिली होती ती यादी.

नवरी घरात काय काय घेऊन येणार ते कागदावर उतरवायचं आणि खाली नवऱ्यानं सही करायची. यादीतलं सगळं बायकोचं. उद्या बिनसलं तर ती ते मोजून घेऊन जाऊ शकते. जुळलेली लग्नं त्या कागदापायी मोडताना तिथे सगळ्यांनी पाहिलेली असतात. त्यामुळे त्या शुक्रवारी दुपारी युम्नाच्या दिवाणखान्यात सगळेच घसा खाकरत बसले होते. वडील नव्हते तिला, म्हणून कागद-पेन फिक्रीमामांकडे. समोर हाझेम, आणि त्याच्या शेजारी त्याची आई. तांत इग्लाल. सगळी गल्ली तिला तांत म्हणजे मावशी म्हणायची आणि चळाचळा कापायची.

मामा वाचत होते. "फ्रिज एक. गॅसची शेगडी एक. पलंग... काचेचं कपाट, त्यात बारा जणांचे चिनी मातीचे..."

"कपाट नाही," युम्ना म्हणाली.

मामांचं पेन थांबलं. काचेचं कपाट नसलेली नवरी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"माझ्या आईचं बघा," युम्नानं भिंतीकडे बोट केलं. "तीस वर्षं झाली. त्यातल्या कपातून कुणी एक घोट चहा प्यायलंय? मी रोज धूळ पुसते आणि किल्ली लावते. मला त्या जागी टीव्ही हवा आहे, आणि टीव्हीखाली माझं कन्सोल. मामा, कपाट खोडा आणि ते लिहा."

"कन्सोल म्हणजे ते खेळणं?" तांत इग्लाल म्हणाली. "यादीत? माझ्या बहिणी यादी वाचतात, मुली. काय सांगू त्यांना, सूनबाई फ्रिज, पलंग आणि बाहुली घेऊन आली?"

"बाहुली नाही, बदकं," युम्ना म्हणाली.

आईनं तिच्या मांडीला चिमटा काढला आणि कानाशी कुजबुजली, "अगं, टॉवेलांच्या बॅगेत घालून ने ना गुपचूप. यादीत कशाला? एकदा मोडलंय, आता पुन्हा नको गं."

"टॉवेलांत का? चोरीचा माल आहे का?" युम्ना मोठ्यानं म्हणाली. "माझ्या पगाराचं आहे. लपवून न्यायचं असेल तर मग मीही लपूनछपूनच राहायचं त्या घरात. मला ते जमायचं नाही. लिहिणार नसाल तर..."

पुढचं वाक्य तिला माहीत होतं. मागे एकदा तिनं ते म्हटलं होतं आणि रात्री शांत झोपली होती. आज मात्र तिनं ते उच्चारलं नाही, कारण आज समोर हाझेम होता. तो पायाखालच्या सतरंजीकडे बघत होता.

"लिही, फिक्री," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मागदाबाईंचे कान लाल झाले होते. "वीज गेली की दुपारी मीही खेळते त्यावर. ही ते घरी ठेवून कामावर गेली की. एकटीनं खेळायचाही डोंगर आहे त्यात, त्यावरच्या बर्फापर्यंत गेलेय मी. आणि त्या काचेच्या कपाटानं मला तीस वर्षांत एवढं सुख दिलं नाही. लिही."

युम्नानं आईचा हात घट्ट धरला. मामांनी नवी ओळ सुरू केली आणि लिहिता लिहिता वाचत गेले. "कन्सोल एक. स्टँडसह. कंट्रोलर दोन..."

"दोन नाही," हाझेम म्हणाला. "दोन लिहिले तर मी सही करणार नाही."

तांत इग्लालनं विजयानं पाठ ताठ केली. म्हणजे हाही तसलाच निघाला, युम्नाच्या मनात आलं, आणि इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत. सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"का?" तिनं विचारलं.

हाझेमनं शर्टाच्या खिशातून लाल कंट्रोलर काढला आणि कागदावर ठेवला. "हा माझा आहे. लिफ्टमध्ये तू स्वतः माझ्या हातात दिलास आणि परत मागितला नाहीस. आई, ऐक तूही. कन्सोल लिहा, कपाट खोडा, मला सगळं कबूल आहे. ते यंत्र नसतं तर मी त्या दिवशी दीड तास तेलाचा डबा धरून उभा राहिलो असतो." तो तिच्याकडे वळला. "पण युम्ना... यादीतलं सगळं तुझं. उद्या माझ्यावर रागावलीस तर सगळं उचलून निघून जाशील, आणि तुला अडवायचा मला हक्क नसेल. हा मात्र यादीत नसेल. हा माझ्या खिशात राहील. दोरीला बांधलेलं दुसरं बदक कोण चालवणार? भांडायला का होईना, तुला परत यावं लागेल."

तांत इग्लालनं डोक्यावरच्या ओढणीनं नाक पुसलं आणि ते सर्दीमुळे आहे असं दाखवायला दोनदा शिंकली.

युम्नानं कंट्रोलर उचलला. उलटा-सुलटा करून पाहिला.

"दिवा विझलाय याचा," ती म्हणाली.

"हो. मंगळवारपासून चार्ज केला नाही ना."

"कशाला लावल्यावर चार्ज होतो हा?"

हाझेमच्या कानांवर तो लिफ्टमधला रंग चढला. "...तुझ्या यंत्राला."

"दुसऱ्या कशानं होतो?"

"कशानंच नाही."

"मग भांडण झाल्यावर परत कुणाला यावं लागेल?"

मामांना हसू आवरेना. हाझेमनं पेन मागून घेतलं, पण सही करायची सोडून तो तिच्याकडेच बघत राहिला.

"मला," तो म्हणाला. "दर मंगळवारी."

"मामा," युम्ना म्हणाली, "एकच कंट्रोलर लिहा." आणि लाल कंट्रोलर तिनं सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं त्याच्या खिशात ठेवला.